प्रौढांचा रंगभरणाचा छंद : एक मीमांसा

१. विषयाचे स्वरूप

मनुष्य काम कसे करतो ह्याचा अभ्यास जितक्या गांभीर्याने झाला आहे, तितक्या गांभीर्याने तो रिकामा वेळ कसा घालवितो ह्याचा झालेला नाही. विरंगुळा म्हणजे कामाच्या कडेला उरलेली निरुपयोगी पट्टी, अशी समजूत विद्वानांतही आढळते. वस्तुतः कामाची निवड पुष्कळदा परिस्थिती करते. विरंगुळ्याची निवड मात्र मनुष्य बऱ्याच अंशी स्वतः करतो. त्यामुळे एखाद्या समाजाच्या मनोवृत्तीचा शोध घ्यावयाचा असेल, तर त्याचे छंद हे दुर्लक्षिण्याजोगे साधन नव्हे.

प्रौढांची रंगपुस्तके हा अशाच एका छंदाचा प्रकार होय. अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर ह्यांसारख्या उपनगरांतील पुस्तकांच्या आणि लेखनसाहित्याच्या दुकानांत आज मुलांच्या चित्रवह्यांशेजारीच मोठ्या माणसांसाठी काढलेली रंगपुस्तके मांडलेली दिसतात. मंडले, वेलबुट्टी, मोर, कमळे, हत्ती, वारली पद्धतीच्या आकृत्या अशा नक्षीची बाह्यरेषा त्यांत छापलेली असते; आतील जागा कोरी असते. घेणाऱ्याने एवढेच करावयाचे, की त्या जागा आपल्या मनाप्रमाणे रंगवावयाच्या. ज्या वयात हिशेब, प्रपंच आणि नोकरी ह्यांतून मान वर काढण्यास फुरसत मिळत नाही, त्या वयातील माणसे पाचव्या-सहाव्या वर्षी सोडून दिलेल्या ह्या उद्योगाकडे पुन्हा का वळतात, हा पहिला प्रश्न. हा छंद सर्वस्वी परकीय आहे काय, हा दुसरा. आणि तो औषधासारखा गुणकारी आहे असे जे सांगितले जाते त्यात तथ्य किती, हा तिसरा. प्रस्तुत लेखात ह्या तीन प्रश्नांचा क्रमाने नव्हे, परंतु एकमेकांच्या साहाय्याने विचार केला आहे.

२. पाश्चात्त्य पूर्वेतिहास

मुलांसाठी रंगपुस्तके काढण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. न्यूयॉर्क येथील मॅक्लॉक्लिन बंधूंनी १८७९ च्या सुमारास काढलेले चित्रे रंगविण्याचे पुस्तक ह्या प्रकारातील आरंभीच्या पुस्तकांपैकी एक मानले जाते. प्रौढांच्या बाबतीत मात्र हीच कल्पना प्रथम निराळ्या रूपाने अवतरली. १९५१ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी रंगांचे कारखानदार मॅक्स क्लाइन आणि चित्रकार डॅन रॉबिन्स ह्यांनी अंकचित्रांचे संच बाजारात आणले. चित्राची जागा लहानलहान खंडांत विभागलेली, प्रत्येक खंडात एक अंक आणि त्या अंकाचा रंग डबीत तयार. अंक पाहून रंग भरीत गेले की चित्र सिद्ध होई. प्रत्येक मनुष्य रेम्ब्रांट होऊ शकेल, असे आश्वासन जाहिरातीत दिलेले असे. १९५४ पर्यंत ह्या संचांचा खप सुमारे १ कोटी २० लाखांवर गेला. कलासमीक्षकांनी त्यांची यथेच्छ टवाळी केली, तरी २००१ साली वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय इतिहाससंग्रहालयाने त्यांचे प्रदर्शन भरविले. टवाळीचा विषय अर्धशतकात इतिहासाचे साधन ठरला.

१९६१ व १९६२ साली अमेरिकेत प्रौढांसाठी खरोखरीची रंगपुस्तके निघाली; परंतु ती रंगविण्यासाठी नसून हसण्यासाठी होती. कचेरीतील अधिकारीवर्ग आणि राष्ट्राध्यक्ष केनेडी ह्यांचे कुटुंब हे त्यांतील विनोदाचे विषय. मोठ्या माणसाने रंगपुस्तक हाती धरणे हीच गोष्ट त्या काळी विनोद म्हणून पुरेशी होती, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

हा विनोद गंभीर व्यवहारात पालटला तो २०१३ साली. जोहाना बॅसफर्ड ह्या स्कॉटिश चित्रकर्त्रीकडे प्रकाशकाने मुलांचे रंगपुस्तक मागितले असता तिने प्रौढांसाठी पुस्तक करण्याचे सुचविले आणि ‘सीक्रेट गार्डन’ हे बागेच्या चित्रांचे पुस्तक सिद्ध केले. त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या. अमेरिकेत अशा पुस्तकांचा खप २०१४ साली सुमारे १० लाख प्रतींचा होता, तो २०१५ साली अदमासे १ कोटी २० लाखांवर गेला. पुढे ही लाट ओसरली. छंद मात्र मागे राहिला. हिंदुस्थानातील दुकानांत ही पुस्तके आली ती ह्या लाटेबरोबरच.

३. औषधगुणाची परीक्षा

ह्या पुस्तकांच्या वेष्टनावर ‘मनःशांती’ व ‘तणावमुक्ती’ ही पदे हटकून आढळतात. त्यांना आधार म्हणून स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग ह्याचे नाव घेण्याची रीत आहे. युंगने मंडलाकृतींचा अभ्यास केला आणि १९१६ पासून स्वतः मंडले रेखाटली, हे खरे. परंतु ती त्याने स्वतः काढली. दुसऱ्याने काढलेल्या मंडलात रंग भरणे आणि आपल्या मनातून मंडल उमटविणे ह्या दोन क्रिया एक नव्हेत. तेव्हा युंगचा आधार येथे तोकडा पडतो.

प्रयोगांचा आधार त्याहून बरा आहे. पण तोही मर्यादित आहे. २००५ साली नॅन्सी करी व टिम कॅसर ह्या अमेरिकन संशोधकांनी ८४ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. प्रथम त्यांच्या मनात थोडी चिंता उत्पन्न करून मग त्यांचे तीन गट केले आणि २० मिनिटे एका गटास मंडल, दुसऱ्यास चौकड्यांची नक्षी व तिसऱ्यास कोरा कागद रंगविण्यास दिला. मंडल व चौकडी रंगविणाऱ्यांची चिंता सारख्याच प्रमाणात उतरली. कोऱ्या कागदाने तेवढा गुण दिला नाही. २०१२ साली दुसऱ्या संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा मंडलाचा परिणाम चौकडीपेक्षा अधिक आढळला. म्हणजे मंडलालाच काही विशेष सामर्थ्य आहे किंवा काय, ह्याविषयी दोन प्रयोगांची साक्ष जुळत नाही. एवढेच म्हणता येते, की बांधीव आकृती चिंताग्रस्त मनाला धरून ठेवते आणि कोरा कागद तसे करीत नाही.

२०१७ साली गिरिजा कैमल व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास ह्याच्या पुढे जातो. त्यात केवळ रंगभरण आणि कलोपचारतज्ज्ञाच्या सहवासातील मुक्त कलानिर्मिती ह्यांची तुलना केली होती. ताण व खिन्नता दोहोंनीही कमी झाली; परंतु उल्हास आणि ‘आपल्या हातून काही होऊ शकते’ हा आत्मविश्वास मुक्त निर्मितीनेच वाढला. ह्यावरून रंगभरणाचे कार्यक्षेत्र स्पष्ट होते. ते मनातील गलबला शांत करते. मनाला नवे बळ देतेच असे नाही. ते विश्रांती आहे, उपचार नव्हे. झोपेला कोणी औषध म्हणत नाही, म्हणून तिचे मोल कमी होत नाही.

४. आपल्याकडील पूर्वपीठिका

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळावयाचे. पुस्तक परदेशातून आले हे निर्विवाद. परंतु आखलेल्या आकृतीत रंग भरीत बसण्याची सवय आपल्या समाजातील प्रौढांना, विशेषतः स्त्रियांना, फार जुनी आहे. वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांत तांदूळ व फुले ह्यांनी भूमी सुशोभित करण्याची कला आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त चित्रांचे प्रकार सांगताना धूलिचित्राचा उल्लेख येतो. रांगोळी ही ह्याच परंपरेतील.

महाराष्ट्रात घरोघर चालणाऱ्या ठिपक्यांच्या रांगोळीची रचना येथे थोडी बारकाईने पाहणे इष्ट आहे. ‘११ ते ६’ असे सांगितले, की मधल्या ओळीत ११ ठिपके द्यावयाचे आणि दोन्ही बाजूंस एकेक कमी करीत ६ वर थांबावयाचे. दोन ठिपक्यांच्या बेचक्यात पुढचा ठिपका येतो आणि ९१ ठिपक्यांचा षट्कोन तयार होतो. मग ठरावीक क्रमाने ठिपके जोडावयाचे व उमटलेल्या पाकळ्यांत रंग भरावयाचे. एक ठिपका चुकला तर सबंध आकृती बिघडते आणि हाताने पुसून पुन्हा आरंभ करावा लागतो. ह्या रांगोळ्या चौकटीच्या वहीत उतरवून ठेवण्याची रीत मुलींत व गृहिणींत सर्वत्र होती. दिवाळीपूर्वी शेजारणीची वही मागून आणावी, आवडलेल्या चार रांगोळ्या आपल्या वहीत घ्याव्यात आणि रंगीत पेन्सिलींनी त्या रंगवून पाहाव्यात, म्हणजे अंगणात कोणता रंग कोठे खुलेल ह्याचा अदमास येई. ही वही म्हणजे एका अर्थी स्वहस्ते सिद्ध केलेले रंगपुस्तकच होते.

दुसरा दाखला मुद्रणाच्या इतिहासातील आहे. राजा रविवर्मा ह्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना सुरू केला. घाटकोपरचे नाव ह्या छापखान्याच्या आरंभीच्या इतिहासाशी निगडित आहे. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला. तेथील लक्ष्मी-सरस्वतींची चित्रे घरोघरी पोहोचली. परंतु ती भिंतीवर लावून लोक स्वस्थ बसले नाहीत. छापील देवीच्या साडीवर खरे कापड चिकटवावे, काठावर जर शिवावी, दागिन्यांच्या जागी मणी व टिकल्या बसवाव्यात, असा उद्योग पुष्कळ घरांत चाले. अशी सजविलेली चित्रे आज संग्राहकांकडे जपून ठेवलेली आहेत. छापून आलेल्या परक्या रेषेवर आपल्या हातची मोहोर उमटविण्याची ही हौस रंगपुस्तकाच्या मागील हौसेहून फारशी निराळी नाही.

तिसरा दाखला शाळेतील. एलिमेंटरी व इंटरमिजिएट ह्या शासकीय रेखाकला परीक्षांना महाराष्ट्रातील विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या बसत आले आहेत. त्यांतील संकल्पचित्र ह्या विषयात दिलेल्या आकारात नक्षी बसवून ती सपाट, एकसारख्या रंगाने भरावयाची असते. रंग रेषेबाहेर जाऊ न देण्याचा कटाक्ष मराठी मध्यमवर्गाच्या हाताला लागला तो तेथे. शालान्त परीक्षा संपली, की बहुतेकांची रंगपेटी माळ्यावर जाते. पुढे चाळिशीत रंगपुस्तक हाती आल्यावर जो आनंद होतो, त्यात अर्धवट सुटलेल्या ह्या विद्येच्या पुनर्भेटीचाही अंश असला पाहिजे.

५. दिलेले आणि आपले

वरील सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आहे : काही भाग आयता दिलेला असतो आणि काही भाग करणाऱ्याचा असतो. ह्या वाटणीवरून त्यांच्या चार पायऱ्या कल्पिता येतात. अंकचित्रात रेषाही दिलेली आणि रंगही दिलेला; करणाऱ्याचे फक्त श्रम. रंगपुस्तकात रेषा दिलेली, रंग आपला. ठिपक्यांच्या रांगोळीत केवळ ठिपक्यांची संख्या व जोडण्याची रीत दिलेली. रेषा आपल्या हाताची आणि रंगही आपला. मुक्तहस्त रांगोळीत शंख, चक्र, गोपद्म, स्वस्तिक एवढी चिन्हे परंपरेने दिलेली. मांडणी सर्वस्वी आपली. १९८१ साली स्थापन झालेल्या संस्कार भारतीच्या नावाने ओळखली जाणारी रांगोळी ह्या चौथ्या प्रकारातील. १९९९ साली डोंबिवलीत सुरू होऊन पुढे उपनगरांतून पसरलेल्या नववर्ष स्वागतयात्रांत ती रस्त्यावर रेखलेली दिसते.

तल्लीनतेचे मानसशास्त्र मांडणारे मिहाय चिक्सेंटमिहाय ह्यांचा सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. अंगच्या कौशल्यापेक्षा काम फार कठीण असेल तर चिंता वाटते आणि फार सोपे असेल तर कंटाळा येतो. दोहोंचा मेळ बसतो तेथे मनुष्य देहभान विसरतो. दिवसभराच्या श्रमाने थकलेल्या मनुष्याचे कौशल्य त्या घटकेपुरते खालावलेले असते. त्याला कोरा कागद भीती घालतो आणि अंकचित्र कंटाळा आणते. रेषा आयती आणि रंग मोकळा, ही मधली पायरी त्याला नेमकी मानवते. निर्णय घ्यावयाचे असतात, पण ते लहान असतात : ही पाकळी तांबडी की जांभळी? निर्णय चुकला तरी कोणाचे नुकसान होत नाही. ज्याचे दिवसभरातील सर्व निर्णय दुसऱ्याला जबाब देण्याचे असतात, त्याला अशा निर्णयाचे सुख किती वाटत असेल ह्याची कल्पना करता येते.

हा छंद बालिश आहे, असा आक्षेप घेतला जातो. परंतु बालकाला रेषेच्या आत राहण्याची सक्ती असते आणि प्रौढ ती स्वखुशीने पत्करतो, हा भेद आक्षेपकांच्या नजरेतून सुटतो. ही कला नव्हे, हा दुसरा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. तथापि, भजनात टाळ धरणारा प्रत्येक मनुष्य गवई असावा अशी अपेक्षा कोणी करीत नाही.

६. उपनगरातील जागा आणि वेळ

उरतो तो पहिला प्रश्न : आताच आणि येथेच का? त्याचे उत्तर मनोवृत्तीइतकेच जागेत आणि वेळेत शोधावे लागते. १९५० साली जोगेश्वरी-भांडुपपर्यंतचा आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंतचा प्रदेश बृहन्मुंबईत आला. १९९० साली मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९३ लाखांहून अधिक होती. ह्या वाढीत अंगणे गेली, बैठ्या चाळी गेल्या आणि उंच इमारती आल्या. रांगोळीला जमीन लागते, उंबरठा लागतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याची नजर लागते. सदनिकेच्या दारापुढील सामायिक वाट अरुंद असते व तेथे फारसे कोणी फिरकत नाही. रंगपुस्तकाला जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा पुरतो. गुडघ्यांमुळे जमिनीवर बसून रांगोळी घालणे ज्यांना जमेनासे झाले, अशा वृद्ध स्त्रियांनाही ते पेलते.

वेळेचे गणितही असेच आहे. बोरीवलीहून वा मुलुंडहून दक्षिण मुंबईला जाऊन येणाऱ्या नोकरदाराचे रोज दोन-अडीच तास प्रवासात जातात. लोकलच्या गर्दीत भाजी निवडता येते, भजन म्हणता येते. रंग भरता येत नाही. म्हणून हा छंद घरातच, आणि तोही तुटक वेळात करावा लागतो. कुकरची शिटी झाली, दारावर कोणी आले, मुलाने हाक मारली, तर पुस्तक मिटून उठता येते आणि पुन्हा बसता येते. पाणी सांडत नाही, रंग वाळत नाही, काही नासत नाही. तैलचित्राला वा गाण्याच्या रियाझाला सलग वेळ हवा असतो. तो ज्यांना कधीच मिळत नाही, त्यांच्यासाठी हा छंद जणू मापून शिवला आहे.

ह्याला साधनांच्या सुलभतेची जोड मिळाली. दिगंबर परशुराम दांडेकर ह्यांनी १९३१ साली गिरगावात शाईच्या पुडीपासून सुरू केलेला उद्योग पुढे कॅमलिन ह्या नावाने प्रसिद्धीस आला, रंगसाहित्याकडे वळला आणि अंधेरीत स्थिरावला. २०११ साली त्यात कोकुयो ह्या जपानी कंपनीचा मोठा भाग आला. रंगीत पेन्सिली व तैलखडू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागल्यामुळे रंग ही चैनीची वस्तू राहिली नाही.

७. निमित्ताचा प्रश्न

ह्या सर्व इतिहासात एक सूत्र आढळते. प्रौढ मनुष्याला, आणि त्यातही गृहिणीला, निव्वळ आनंदासाठी अर्धा तास बसण्याची मुभा आपल्या समाजाने क्वचितच दिली. तिला नेहमी काही निमित्त लागले. रांगोळीला धर्माचे निमित्त होते. भरतकामाला उपयोगाचे होते, कारण त्यातून उशीचा अभ्रा वा टेबलावरचे कापड तयार होई. रंगपुस्तकाला धर्म नाही आणि उपयोगही नाही. म्हणून त्याने आरोग्याचे निमित्त शोधले. वेष्टनावरील ‘तणावमुक्ती’ हे पद औषधी गुणाचे वर्णन नसून, बसण्यासाठी काढलेला परवाना आहे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. वेळ सत्कारणी लावण्याचा धाक ज्या समाजात इतका खोल आहे, तेथे विश्रांतीलाही कारण दाखवावे लागते.

ह्या स्थित्यंतरात लाभ झाला तशी हानीही झाली. रांगोळी सार्वजनिक होती आणि क्षणिक होती. रंगपुस्तक खासगी आहे आणि टिकाऊ आहे. रांगोळी सासूकडून सुनेकडे आणि शेजारणीकडून शेजारणीकडे जात असे. रंगपुस्तक विकत मिळते. सर्वांत मोठा फरक रेषेचा आहे. ठिपके मोजून रेषा काढणारा हात नक्षीची घडण जाणत होता. रंगपुस्तकात तो हात रंग शिकतो, पण घडण विसरतो. एका पिढीने पायरी ओलांडून खाली यावे ह्यात लज्जास्पद काही नाही. वरची पायरी होती हे मात्र पुढील पिढीला ठाऊक असावे.

ह्या दृष्टीने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एक काम तातडीने हाती घेता येण्याजोगे आहे. उपनगरांतील जुन्या इमारतींचा पुनर्विकास वेगाने चालू आहे आणि घर रिकामे करताना माळ्यावरील रांगोळीच्या वह्या रद्दीत जातात. ह्या वह्या मिळतील तेथून मिळवून त्यांच्या प्रती करून घ्याव्यात. कोणती नक्षी कोणाकडून आली, कोणत्या गावाहून आली आणि केव्हा घातली जाई, हे त्या घालणाऱ्या स्त्रियांकडून विचारून टिपून ठेवावे. त्याच घरात आज रंगपुस्तक असेल तर तेही पाहावे आणि दोहोंतील रंगांची निवड ताडून पाहावी. रेषा बदलली तरी हिरव्याशेजारी तांबडा घालण्याची आईची खोड मुलीच्या पुस्तकात उतरली आहे किंवा नाही, ह्याचे उत्तर त्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वीच मिळू शकेल.